मृत्यूची चाहूल मोजणारा वैद्य : डॉ. रिचर्ड ब्राइट

लंडनच्या गाइज रुग्णालयात सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एक अगदी साधी चाचणी केली जात असे. अंगावर सूज घेऊन आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची आणि तो चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. लघवी तापूनही नितळ राहिली तर चिंता थोडी कमी होई. ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठू लागली, तर मात्र आजाराचे मूळ मूत्रपिंडांत आहे आणि पुढची वाट बिकट आहे, हे उमगे. चमच्यातल्या या खुणेला अर्थ मिळवून दिला तो डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी. आज अतिदक्षता विभागात मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेला रुग्ण वाचेल की नाही, याचा अंदाज गुणांकांनी आणि संगणकाने बांधला जातो. त्या प्रयत्नाची एक जुनी पायरी या चमच्यापाशी आहे.

ब्राइट यांचा जन्म २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. घराणे व्यापारी आणि सुखवस्तू होते. १८०८ मध्ये ते शिक्षणासाठी एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. तेथे असतानाच, १८१० साली, सर जॉर्ज मॅकेन्झी यांच्या आइसलंड मोहिमेत त्यांना जायला मिळाले. ज्वालामुखींच्या त्या ओसाड बेटावर वनस्पती आणि प्राणी पाहणे व त्यांच्या नोंदी करणे, हे काम त्यांनी मनापासून केले. आधी डोळ्यांनी नीट पाहावे, मग लिहावे आणि निष्कर्षाची घाई करू नये, ही शिस्त त्यांच्या अंगी बाणली होती. पुढे रुग्णाच्या खाटेशी तीच त्यांच्या कामी आली.

१८१३ मध्ये एडिंबऱ्याची वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते युरोपच्या प्रवासाला निघाले. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नवी मांडणी करण्यासाठी व्हिएन्ना येथे राजेरजवाडे जमले होते, त्या काळात ब्राइट त्या नगरीत होते. तेथून ते हंगेरीत फिरले. या प्रवासाचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८१८ मध्ये निघाला आणि त्यातील अनेक चित्रे त्यांनी स्वतः रेखाटलेली होती. परतीच्या वाटेवर, वॉटर्लूची लढाई होऊन थोडेच दिवस झाले असताना, ते ब्रुसेल्सला पोहोचले. जखमी सैनिकांनी भरलेली तेथील रुग्णालये त्यांनी पाहिली.

लंडनला परतल्यावर ज्वराच्या रुग्णालयात काम करताना त्यांना स्वतःलाच तापाने गाठले आणि ते मरणाच्या दारातून परतले. १८२० मध्ये गाइज रुग्णालयात त्यांची साहाय्यक वैद्य म्हणून नेमणूक झाली आणि १८२४ मध्ये ते तेथे पूर्ण पदाचे वैद्य झाले. घरात मात्र याच काळात आघात झाला. १८२२ मध्ये त्यांचा विवाह मार्था बॅबिंग्टन यांच्याशी झाला होता. पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर मार्था यांचे निधन झाले. ज्या काळात मृत्यू घरोघरी असा अवचित येई, त्या काळात हा माणूस मृत्यूची आधी लागणारी चाहूल शोधत होता.

सर्वांगाला सूज येण्याचा आजार तेव्हा सर्वांच्या परिचयाचा होता. काही सुजलेल्या रुग्णांची लघवी तापवली की गोठते, हेही ब्राइट यांच्याआधी काहींनी नोंदवले होते. पण या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या पडल्या होत्या. ब्राइट यांनी त्यांना तिसरी जोड दिली. जिवंतपणी ज्याची सूज पाहिली, ज्याची लघवी तापवून पाहिली, तो रुग्ण दगावल्यावर त्याचे शवविच्छेदन करून त्यांनी त्याची मूत्रपिंडे तपासली. ती खडबडीत झालेली, रंग पालटलेली, कधी आकसलेली दिसली. सूज, गोठणारी लघवी आणि बिघडलेले मूत्रपिंड ही एकाच आजाराची तीन रूपे आहेत, हे त्यांनी १८२७ च्या आपल्या ग्रंथात रंगीत चित्रांसह मांडले. रसायनतज्ज्ञ जॉन बोस्टॉक यांची त्यांना साथ होती. अशा रुग्णांच्या लघवीतून युरिया कमी बाहेर पडतो आणि जे शरीराबाहेर जायला हवे ते रक्तात साठते, याचा माग त्या काळातच लागू लागला. आज अतिदक्षता विभागातून रोज सकाळी प्रयोगशाळेत जाणाऱ्या रक्ताच्या नमुन्यात डॉक्टर शोधतात ते हेच.

१८३६ मध्ये ब्राइट यांनी लघवीतून प्रथिन जाणाऱ्या शंभर रुग्णांचा तक्ता प्रसिद्ध केला. मृत्यूनंतर कोणत्या अवयवात काय आढळले, याच्या नोंदी त्यात ओळीने होत्या. मूत्रपिंडांबरोबर पुष्कळांचे हृदयही वाढलेले होते. रक्तदाब मोजण्याचे साधन नसतानाच्या काळात मूत्रपिंड आणि हृदय यांचे नाते त्यांनी हेरले. एखाद्या नामांकित वैद्याच्या आठवणीपेक्षा शंभर रुग्णांची मोजदाद अधिक विश्वासाची, हा विचार त्या तक्त्यामागे होता.

या तक्त्याला एक मर्यादा मात्र होती. त्यात जागा मिळाली ती शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत पोहोचलेल्यांना. जे बरे होऊन घरी गेले, ते त्यात येणार कसे? केवळ मृतांवरून आजाराचे भविष्य वर्तवले, तर ते असते त्याहून काळेकुट्ट दिसते. १८४२ मध्ये गाइज रुग्णालयात जे घडले, त्याचे मोल म्हणूनच मोठे आहे. मूत्रपिंडांच्या रुग्णांसाठी पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असे दोन कक्ष राखून ठेवण्यात आले. दोन्ही मिळून ४२ खाटा होत्या आणि जवळच लघवी व रक्त तपासण्याची प्रयोगशाळा होती. एकाच आजाराचे रुग्ण एकत्र ठेवायचे, त्यांच्याकडे दररोज पाहायचे आणि खाटेशेजारीच तपासण्या करायच्या, हा प्रयोग काही महिने चालला. मृतांकडून शिकलेली विद्या जिवंतांच्या उशाशी आणण्याचा तो प्रयत्न होता.

ब्राइट यांच्या हाती उपचार फारसे नव्हते. रक्त काढणे, रेचक देणे, घाम आणवणे एवढाच तो काळ. कोण दगावण्याची शक्यता आहे हे त्यांना कळू लागले होते, पण त्याला ओढून परत आणण्याचे साधन नव्हते. तरीही आपले अपयश त्यांनी लपवले नाही. ते ओळीने मांडून पुढच्यांच्या हाती दिले. १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांत त्यांची नेमणूक झाली आणि मूत्रपिंडांच्या आजाराला जगभर त्यांचेच नाव पडले. १६ डिसेंबर १८५८ रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

परत ओढून आणण्याचे साधन यायला पुढे जवळजवळ नव्वद वर्षे जावी लागली. नेदरलँड्समध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डायलिसिसचे यंत्र बनवले. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक स्त्री त्या यंत्रामुळे शुद्धीवर आली आणि जगली. त्यानंतर कोण मरेल, या प्रश्नाचे रूप बदलले. कोणाला, केव्हा आणि किती मदत दिली तर तो वाचेल, असा तो झाला.

त्यासाठी आज मोजमापे ठरली आहेत. ४८ तासांत रक्तातील क्रिएटिनीन दर डेसिलिटरला ०.३ मिलिग्रॅम वाढले, किंवा सलग सहा तास लघवी दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी झाली, तरी मूत्रपिंडांना इजा झाल्याचे धरले जाते. १९८५ च्या ‘अपाचे-२’ या गुणांकात रुग्णाचे वय, जुने आजार आणि बारा शारीरिक मोजमापे यांवरून मृत्यूचा धोका काढतात. त्यात मूत्रपिंडे अचानक निकामी झाली असतील, तर क्रिएटिनीनचे गुण दुप्पट धरले जातात. अतिदक्षता विभागातील मृत्यूच्या हिशेबात मूत्रपिंडाचे वजन किती, हे त्या दुपटीवरून कळावे.

पण असा गुणांक समूहाविषयी बोलतो, समोरच्या एका माणसाविषयी नाही. शंभरांतील साठ दगावतील असे आकडा सांगत असेल, तर आपला माणूस त्या साठांत की उरलेल्या चाळीसांत, हे तो सांगू शकत नाही. विभागाच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टर टक्केवारी सांगतात, तेव्हा एवढे ध्यानात असावे. ब्राइट यांच्या तक्त्यातून बरे होऊन गेलेले सुटले होते. आजच्या आकड्याच्या आड ते झाकले जाऊ नयेत. चमच्यात गोठणारी लघवी पाहूनही ब्राइट त्या रुग्णाच्या खाटेकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जात असत. भाकीत करण्याचा अधिकार वैद्याला मिळतो तो या पुन्हा जाण्यामुळे.