धरण उपडे करून धुता येत नाही!

पावसाळ्यात आमची आई पाण्याचा पिंप दर आठवड्याला उपडा करून धूत असे. तळाशी बोटभर गाळ निघे. रविवारी पाहुण्यांना घेऊन खडकवासल्याला गेलो की मला तो पिंप आठवतो आणि पाठोपाठ सर विश्वेश्वरय्या आठवतात.

हे मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लहानपणीच वारले. शिकवण्या करून ते बंगळूरला बी. ए. झाले आणि १८८३ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. मग मुंबई इलाख्यात सरकारी नोकरी लागली. सिंधमधल्या सक्कर गावी त्यांची गाठ गाळाशी पडली. सिंधूचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्याची यंत्रणा उभारायला नगरपालिकेजवळ पैसा नाही. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूतून पाझरलेले पाणी स्वच्छ आले!

१९०३ साली त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पूर चढला की ते आपोआप उघडत, ओसरला की मिटत. भिंत न वाढवता पाणी सुमारे ८ फूट जास्त अडले. पुढे म्हैसूरचे दिवाणपद, कावेरीवरचे कृष्णराजसागर, १९५५ साली भारतरत्न. १९६१ साली पानशेत फुटले, खडकवासल्याची भिंतही खचली आणि ती पुन्हा बांधावी लागली. पुढच्याच वर्षी, शंभरी गाठून ते गेले.

पण वरून मिळवलेले पाणी गाळ खालून हिरावून घेतो. धरण बांधताना तळाशी गाळासाठी जागा सोडलेली असते. तरी जाड वाळू नदीच्या मुखाशीच बसते आणि आपल्या वापराच्या पाण्याची जागा अडवते. म्हणून साठा पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. होडीतून ठरावीक रेषांवर खोली घेतात. पूर्वी दोरीला शिसे बांधून, आता ध्वनिलहरींनी. त्यावरून आजचा साठा काढायचा आणि मूळ साठ्यातून वजा करायचा. उरेल तो गाळ. उपग्रहाच्या चित्रांवरूनही पाण्याचा पसारा मोजता येतो. मात्र कधीच उघडा न पडणारा तळ त्यात दिसत नाही.

भिंतीवरून पाणी काठोकाठ दिसते आणि आपण निश्चिंत होतो. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावरून वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशेब मांडला. तळाशी साचणाऱ्या गाळाचा हिशेब ठेवणे आपल्याकडे आले आहे. पिंप उपडा करता येतो. धरणाचा तळ मोजूनच कळतो.