मिठाचा हिशेब

बँकेत नव्याने लागलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात एक युक्ती शिकवली जायची. खतावणीची बेरीज जुळत नसेल तर आधी फरकाला नऊने भागून पाहायचे. पूर्ण भाग गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिले असण्याचा संशय घ्यायचा. ४५ चे ५४ झाले असणार. रात्री नऊ वाजता, चहाचे ग्लास सुकून चिकट झालेले असताना, ही युक्ती लागू पडली की होणारा आनंद ज्याने अनुभवला त्यालाच ठाऊक. बेरीज जुळली की दिवे मालवून घरी. जुळलेली बेरीज म्हणजे बरोबर काम, अशी आमची श्रद्धा होती.

ती श्रद्धा १९८६-८७ च्या दुष्काळात मोडली. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शेती अधिकारी होतो. पीक पन्नास पैशांच्या आत लागले, म्हणजे त्या गावच्या शेतकऱ्यांचे पीककर्ज मध्यम मुदतीचे करून द्यायचे. वसुली पुढे ढकलली जाते आणि पेरणीला नवे कर्ज मिळते. वरून निरोप आला की चार दिवसांत यादी पाहिजे. खाती अकराशेच्या आसपास. मी खतावणीतून नाव आणि रक्कम वाचायची, कारकुनाने उतरवायची, अशा तीन रात्री आम्ही बसलो. चौथ्या दिवशी बेरीज पैशाला पैसा जुळली. आम्ही एकमेकांची पाठ थोपटली आणि यादी रवाना केली.

उन्हाळ्यात एक शेतकरी वसुलीची नोटीस घेऊन आला. त्याच गावात त्याच नावाचा आणि आडनावाचा दुसरा एक खातेदार होता. दोघांचे कर्ज सारखेच, तीन हजार रुपये. दुसऱ्याचे नाव यादीत दोनदा पडले होते, याचे एकदाही नाही. बेरीज जुळणारच होती! दुरुस्तीचा कागद वर जाऊन खाली येईपर्यंत पेरणी उलटून गेली. थकबाकीदार म्हणून त्याला नवे कर्ज मिळाले नव्हते. बियाण्यासाठी तो सावकाराच्या ओट्यावर जाऊन आला होता. तो मला एक शब्द बोलला नाही. पाणी मागितले, प्यायला आणि गेला.

हे सगळे मला पुन्हा आठवले ते निवृत्तीनंतर, एका कादंबरीच्या निमित्ताने प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे चरित्र वाचू लागलो तेव्हा. आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव शाळेतल्या पंचवार्षिक योजनांच्या धड्यापुरते ठाऊक असते. मला मात्र त्या धड्याच्या आधीचा माणूस भेटला. मोठ्या मोजणीत चूक कुठे लपते, याचा त्याने जन्मभर पाठलाग केला होता.

२९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात, ब्राह्मो समाजाच्या सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि १९१३ साली ते इंग्लंडला गेले. बेत लंडनच्या विद्यापीठाचा होता. एक दिवस सहज केंब्रिज पाहायला गेले, किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहण्यात रमले आणि परतीची शेवटची गाडी चुकली. रात्री एका हिंदी मित्राकडे मुक्काम झाला, त्याने इथेच का शिकत नाहीस असे सुचवले आणि हे गृहस्थ तिथलेच झाले. पुढे आयुष्यभर ज्याने इतरांना वेळेसाठी धारेवर धरले, त्याच्या नशिबाचे दार एका चुकलेल्या गाडीने उघडावे याची मला गंमत वाटते.

केंब्रिजमध्ये त्यांची गाठ रामानुजन यांच्याशी पडली. रामानुजन यांना रात्री थंडीने झोप येत नसे. महालनोबिस यांनी खोलीत जाऊन पाहिले, तर पलंगावरची पांघरुणे जशीच्या तशी घट्ट खोचलेली आणि हा महान गणिती त्यांच्यावर, अंगात ओव्हरकोट घालून झोपत होता! पांघरुणे उचलून आत कसे शिरायचे, हे त्यांनी दाखवून दिले. समोरचा काय सांगतो यावर न थांबता जागेवर जाऊन पाहावे, ही सवय तेव्हाचीच दिसते.

१९१५ साली परतताना महायुद्धामुळे बोट लांबली. त्यांच्या एका शिक्षकाने दाखवलेले ‘बायोमेट्रिका’ हे नियतकालिक त्यांना इतके आवडले होते की त्यांनी सगळे अंक विकत घेतले होते. ते बोटीवर वाचून काढले आणि भौतिकशास्त्राचा प्राध्यापक मनाने संख्याशास्त्रज्ञ झाला. १९२० साली नागपूरला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल भेटले. त्यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे ढीग पडून होते. त्या ढिगाऱ्यातून सुरू झालेल्या विचारातून दोन जनसमूहांमधले अंतर मोजण्याची रीत निघाली. आज ती जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून शिकवली जाते.

पुरांची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचे पात्र गाळाने फूटभर वर आले, तेव्हा बांध उंच करा, असे इंजिनिअरांचे मत पडले. महालनोबिस यांनी साठ वर्षांच्या नोंदी काढून बसले तेव्हा दिसले की पात्र वर आलेलेच नाही. बांध उंच करण्यापेक्षा वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी अडवा, हा त्यांचा सल्ला होता. त्या हिशेबांचा उपयोग पुढे महानदीवरच्या हिराकुडसाठी झाला. ज्याला साठ वर्षांच्या नोंदी चाळण्याचा कंटाळा नाही, तो माणूस मंदगती असेल असे वाटते ना? तसे नव्हते. त्याला घाईच होती, फक्त ती कुठे करायची हे त्याला कळत होते.

१७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन झाली. जागा म्हणजे प्रेसिडेन्सी कॉलेजातली त्यांचीच खोली. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये. आणि १९३७ साली त्यांच्या हाती आला ताग.

बंगालचा ताग म्हणजे गिरण्या, निर्यात, सट्टा, शेतकऱ्याला मिळणारा भाव, असे सारे. यंदा किती ताग येणार, हा आकडा पीक बाजारात येण्याआधी हवा. सरकारी रीत सरळ होती: प्रत्येक शेताचा तुकडा मोजा. त्यासाठी हजारो हंगामी माणसे नेमायची, त्यांच्यावर देखरेख करायला आणखी माणसे नेमायची. महालनोबिस यांनी उलटा रस्ता धरला. नकाशावर चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठिकाणे निवडायची आणि तेवढीच मोजायची. पण शिकवून तयार केलेल्या, कायम पगारी माणसांनी. आधी लहान प्रमाणावर करून पाहायचे, वेळ किती लागतो, प्रवासात किती जातो, खर्च किती येतो याची टिपणे ठेवायची, मग पुढच्या वर्षी व्याप वाढवायचा. १९४१ पर्यंत सारा बंगाल या पाहणीखाली आला.

लोकांना वाटले, सगळे मोजणारा चुकेल की थोडे मोजणारा? उत्तर उघड दिसते. पण चाळीसच्या दशकात दोन्ही रीतींचे आकडे प्रत्यक्ष व्यापारात आलेल्या गासड्यांशी ताडून पाहिले, तेव्हा नमुन्यावरचा अंदाज जवळजवळ तंतोतंत निघाला आणि प्रत्येक तुकडा मोजून काढलेला आकडा सुमारे सहाव्या हिश्शाने कमी भरला. खर्च मात्र नमुना पाहणीला जेमतेम एक दशांश. कारण कुणाही बँकवाल्याला पटेल. थकलेली, कच्ची, घाईतली माणसे लाखो नोंदी करतात तेव्हा चुका पसरतात, आणि त्या शोधायला वेळ उरत नाही.

पण मला खरे थक्क केले ते पुढच्या गोष्टीने. थोडे मोजून मिळालेल्या आकड्यावरही त्यांनी विश्वास ठेवला नाही. निवडलेल्या ठिकाणांचे ते दोन संच करत. दोन्ही संच त्याच मुलखात एकमेकांत गुंफलेले, पण मोजणाऱ्या तुकड्या निरनिराळ्या. एकीला दुसरीचे कागद दिसत नसत. शेवटी दोन्हींचे अंदाज शेजारी शेजारी ठेवायचे. अंतर थोडे असेल तर आकडा पुढे पाठवायचा, जास्त असेल तर कुठे काय बिघडले ते शोधायला निघायचे. आमची यादी दोघांनी वेगवेगळी केली असती, एवढेच माझ्या मनात आले. मी वाचले आणि त्याने लिहिले. दोघांचा कान एकच होता.

या पद्धतीला तितक्याच तोलाचा विरोधक लाभला, आणि तो आपल्या सातारा जिल्ह्यातला, बुध गावचा: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमध्ये शिकून ते लंडनहून संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले होते. वाद होता पीककापणीचा. महालनोबिस यांची माणसे शेतात काही फूट त्रिज्येचे लहान वर्तुळ आखून तेवढेच पीक कापत. काम झटपट होई, एका दिवसात जास्त शेते होत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगते. रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना कापणाऱ्याचा हात नकळत आत वळतो. आणि लहान वर्तुळात आतल्या पिकाच्या मानाने रेषेवरचीच ताटे फार. तुकडा मोठा घ्या, आणि नव्या फौजेऐवजी गावच्या महसूल आणि शेती खात्याच्या माणसांकडूनच काम करवून घ्या, असे त्यांचे म्हणणे. या मुद्द्यावर माझे मत सुखात्म्यांच्या बाजूने पडते. महालनोबिस यांची घाई इथे त्यांना नडली. पैसेवारीसाठी आपल्याकडे जी पीककापणी होते, तिच्यात मोठा तुकडा असतो. त्या शेतकऱ्याचे गाव पन्नास पैशांच्या आत की बाहेर, हे असल्याच एका तुकड्यावरून ठरले होते.

फाळणीनंतरची एक हकिगत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४७ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यात निर्वासित कोंडलेले. त्यांना अन्न पुरवणारे कंत्राटदार बिले लावत होते, आणि आत माणसे किती हे सरकारला ठाऊक नव्हते. आत जाऊन मोजणे धोक्याचे. महालनोबिस यांच्या संस्थेतले जे. एम. सेनगुप्ता यांनी बिलांतला तांदूळ, डाळ आणि मीठ घेतले आणि माणशी खपाने भागले. तिन्हींची उत्तरे वेगळी. तांदळावरून माणसे सर्वांत जास्त, मिठावरून सर्वांत कमी. मीठ स्वस्त, त्याचा आकडा फुगवून कंत्राटदाराला काय मिळणार? म्हणून मिठाचा आकडा धरावा असा सल्ला दिला गेला. हुमायूनच्या कबरीजवळच्या छावणीतली संख्या साधारण माहीत होती, तिथे हीच रीत लावून पाहिली तर ती जुळली. एकाही माणसाची शिरगणती न करता, केवळ बिलांवरून!

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सदस्यांत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पाहणीदार जंगलातून, नदीपलीकडे, जिथे मापे आणि भाषा दर मुलखात बदलतात अशा गावांतून हिंडले. घरात काय खाल्ले, कापड किती घेतले, असे प्रश्न त्यांनी विचारले. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी गरिबीवरचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा पाया हेच आकडे होते.

कागदांचा मात्र डोंगर झाला. प्रत्येक उत्तर कार्डावर भोके पाडून नोंदवायचे. मग दुसऱ्या माणसाने तेच कार्ड मूळ कागदावरून यंत्रात पुन्हा तपासायचे. कामाचा वेळ त्यामुळे वाढतो, पण ते टाळले तर आमच्या यादीसारखी गत. वेग हवा म्हणून त्यांनी विलायतेहून संगणक मागवला. १९५६ साली कलकत्त्यात बसलेला तो भारतातला पहिला अंकीय संगणक. पाठोपाठ रशियाचा ‘उराल’ आला. तरीही पाहणीच्या फेऱ्या वाढल्या, प्रश्न वाढले आणि अहवाल वर्षानुवर्षे रेंगाळू लागले. वेळेवर न आलेला आकडा निरुपयोगी असे मानणाऱ्याच्याच घरात उशिराची तक्रार उभी राहिली. स्वभावही सोपा नव्हता. ‘प्रोफेसर’ म्हणून सारी संस्था त्यांना ओळखे, आणि बिचकेही. १९७० च्या सुमारास सरकारने पाहणीसाठी स्वतंत्र संघटना केली आणि आराखड्याचे व आकडेमोडीचे काम संस्थेकडून काढून घेतले. म्हातारपणी हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला असणार. २८ जून १९७२ रोजी ते गेले. दुसऱ्या दिवशी ७९ वर्षे पूर्ण झाली असती. २००७ पासून त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळतात.

त्या शेतकऱ्याचे कर्ज माझ्या बदलीच्या आधी फिटले. शेवटचा हप्ता भरायला त्याचा मुलगा आला होता. पावती मीच लिहिली, रक्कम अंकी आणि अक्षरी. मग खतावणी पलीकडच्या खिडकीवरच्या कारकुनाकडे सरकवली आणि माझी पावती न दाखवता, खाते क्रमांक आणि वडिलांचे नाव त्याला मोठ्याने वाचायला सांगितले.