डॉक्टर मॉड मेंटेन

मॉड मेंटेन यांचा जन्म २० मार्च १८७९ रोजी कॅनडा देशात पोर्ट लॅम्ब्टन या गावी झाला. पुढे त्यांच्या घरचे लोक हॅरिसन मिल्स या लांबच्या खेड्यात राहायला गेले. तिथून त्या शिकायला टोरांटो शहरात गेल्या. १९११ साली त्या एम.डी. झाल्या. त्या काळी बायका डॉक्टर फारच थोड्या होत्या.

मेंटेनबाईंना प्रयोगांची फार आवड. १९१२ साली त्या बोटीने समुद्र ओलांडून जर्मनी देशात बर्लिनला गेल्या. त्याच वर्षी त्याच समुद्रात टायटॅनिक बोट बुडाली. म्हणजे प्रवास काही सोपा नव्हता. बर्लिनमध्ये त्यांनी डॉ. लिओनोर मायकेलिस यांच्याबरोबर काम केले.

आपण भाकरी खूप वेळ चावली की ती गोड लागते. थुंकीत विकर असते, ते पिठाची साखर करते. पाव फुगवायच्या यीस्टमध्येही एक विकर असते. ते उसाच्या साखरेचे दोन भाग करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मेंटेनबाईंनी विकर तेवढेच ठेवले आणि साखर कमी-जास्त करून पाहिली. साखर थोडी असताना ती वाढवली की काम भराभर होई. आणखी वाढवली की वेग थोडाच वाढे. मग कितीही साखर टाका, वेग जवळजवळ तेवढाच!

असं का? आई एकटी भाकऱ्या थापते. परातीत पीठ नसलं तर तिचे हात रिकामे राहतात. पण पिठाचा डोंगर केला तरी भाकरी एका वेळी एकच होणार, हात दोनच ना. काकू मदतीला बसली तर मात्र दुप्पट होतात. विकराचेही तसेच आहे.

साखर फुटली तरी पाणी पाण्यासारखंच दिसतं. मग मोजायचं कसं? त्यांनी एका यंत्रातून खास उजेड त्या पाण्यात सोडला. उसाची साखर तो उजेड उजवीकडे फिरवते आणि फुटलेली साखर डावीकडे. किती फिरला त्यावरून हिशेब. साखर नंतर संपत जाते म्हणून वेग सुरुवातीचाच धरला. पाण्याचा आंबटपणाही सारखा ठेवला. आधीच्या काही लोकांनी आंबटपणाकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते.

१९१३ साली दोघांनी हे छापले. त्या सूत्राला मायकेलिस-मेंटेन सूत्र म्हणतात. औषधे शोधणारे लोक ते अजून वापरतात.

पुढे त्या अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठात शिकवत होत्या. पण त्यांना पूर्ण प्राध्यापक केले १९४८ साली, तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षे! सूत्राला ३५ वर्षे होऊन गेली होती. मला हे काही बरोबर वाटत नाही.

त्या चित्रे काढत आणि क्लॅरिनेट वाजवत. क्लॅरिनेट म्हणजे सनईसारखे वाद्य. नोकरी संपल्यावरही त्या कॅनडात जाऊन प्रयोगच करत होत्या. पुढे आजारपणामुळे ते थांबले. १९६० साली त्या वारल्या.