जेम्स जॉइसचे डोळे

देवासच्या जुन्या मंडळींना फॉर्स्टरसाहेबाचे नाव नवे नाही. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून हा इंग्रज कादंबरीकार येथे राहून गेला. तो इकडे राजवाड्यातील गोकुळाष्टमीचा सोहळा पाहत होता, त्याच वर्षी त्याचा एक समकालीन लेखक पॅरिसमध्ये दुखऱ्या डोळ्यांनी आपल्या ग्रंथाची मुद्रिते तपासत होता. ग्रंथ ‘युलिसिस’ आणि लेखक जेम्स जॉइस. या ग्रंथाची कीर्ती सर्वांच्या कानी आहे. तो कोणत्या डोळ्यांनी लिहिला गेला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

जॉइसचा जन्म २ फेब्रुवारी १८८२ रोजी आयर्लंडात डब्लिन येथे झाला. बाप गळ्याचा गोड, पण हाताचा उधळा. घराला उतरती कळा लागली तरी घरातले गाणे थांबले नाही, आणि आवाजाचा वारसा मुलाकडे आला. १९०४ साली डब्लिनच्या संगीतस्पर्धेत तो सुरेख गायला. परंतु अनोळखी स्वरलिपी समोर ठेवून तत्काळ गाण्याची पाळी येताच सरळ उठून निघून गेला. सुवर्णपदक हुकले, कांस्यपदक पदरी पडले. मी स्वरलिपी शिकवून पोट भरणारा मनुष्य. तरीही या प्रसंगी मला त्याचा राग येत नाही. त्याची सारी मदार कानावर होती, आणि पुढे कानानेच त्याला तारले.

त्याच वर्षी त्याने नोरा बार्नेकलसह देश सोडला. त्रिएस्त शहरी इंग्रजी शिकवून तो संसार चालवू लागला. १९०७ साली सांधेतापाने त्याला अंथरुणास खिळवले, आणि त्याच सुमारास डोळ्यांचे दुखणेही सुरू झाले. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला दाह होई. डोळा लाल होई, उजेड सोसवत नसे. दुखणे बरे होई आणि पुन्हा उलटे.

या दुखण्याची पुढची पायरी आपल्याकडे सुश्रुताने फार पूर्वी सांगून ठेवली आहे. डोळ्याचा दाह म्हणजे अभिष्यंद. त्याची हेळसांड झाली की त्यातून अधिमंथ उपजतो. डोळा रवीने घुसळावा तशी वेदना होते, अर्धे डोके ठणकते आणि थोड्याच दिवसांत दृष्टी जाऊ शकते. आज ज्याला आपण काचबिंदूचा तीव्र झटका म्हणतो, त्याच्याशी हे वर्णन पुष्कळ जुळते. डोळ्यात एक पाणी सतत पाझरत असते आणि बारीक वाटांनी निघून जात असते. दाहामुळे या वाटा तुंबतात. कधी रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटून पाण्याचा मार्गच बंद होतो. मग डोळ्यातला दाब चढतो आणि दृष्टीची नस चेपून निकामी होऊ लागते.

जॉइसचे नेमके हेच झाले. महायुद्धामुळे तो झुरिकला आला होता. ऑगस्ट १९१७ मध्ये भर रस्त्यात त्याला असा झटका आला, की काही वेळ पाऊल उचलवेना. प्राध्यापक सिडलर यांनी त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करून रंगीत पडद्याचा एक तुकडा कापून काढला. कोंडलेल्या पाण्याला वाट देण्याची ही रीत जर्मन नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनी १८५७ साली घालून दिली होती. दाब उतरला, पण डोळा अधू झाला.

त्या काळच्या वैद्यांपुढचे खरे कोडे निराळेच होते. दाह शमवायचा तर ॲट्रोपीन घालून बाहुली मोठी ठेवावी लागते, म्हणजे पडदा चिकटत नाही. पण काही डोळ्यांत मोठ्या बाहुलीनेच पाण्याच्या वाटा बुजतात आणि दाब चढतो. बाहुली लहान करणारे पिलोकार्पीन दाब उतरवते. पण दाह झालेल्या डोळ्यात तेच पडद्याची चिकटण वाढवते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. डोळा एक, रोग दोन, आणि दोघांची पथ्ये परस्परांच्या उलट! दाहावर खात्रीचा उपाय असा नव्हताच; जळवा लावण्यापर्यंत मजल गेली.

‘युलिसिस’ २ फेब्रुवारी १९२२ रोजी, लेखकाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक प्रकरण त्याने फ्यूग या पाश्चात्य संगीतबंधाच्या धर्तीवर रचले आहे. त्याच वर्षी डोळे पुन्हा पेटले. शस्त्रक्रियेच्या भीतीने तो दिवस ढकलत राहिला. अखेर १९२३ पासून डॉक्टर बोर्श यांच्या हातून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. जन्मभरात त्यांची संख्या दहाच्या वर गेली. दाहामागून मोतीबिंदूही आला. तरी लेखन चालूच होते. मोठ्या कागदावर जाड पेन्सिलीने ठळक अक्षरे काढायची आणि अंगात पांढरा कोट घालायचा, म्हणजे त्यावरचा उजेड कागदावर पडतो, अशी त्याची युक्ती होती.

हा खर्च चालला कसा? अक्षरागणिक लक्ष मोहरा देणाऱ्या भोजराजाच्या कथा ऐकत वाढलेल्या धारकरांना नवल वाटू नये. हॅरिएट वीव्हर या इंग्रज बाईंनी जॉइसला वर्षानुवर्षे द्रव्य पुरवले. दरबार नव्हता, पण आश्रय होता.

१९३० च्या मे महिन्यात झुरिकच्या प्राध्यापक फोग्ट यांनी डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करून थोडी दृष्टी परत मिळवून दिली. तेवढ्या उजेडावर त्याने आपला अखेरचा ग्रंथ, ‘फिनिगन्स वेक’, तडीस नेला. तो १९३९ साली निघाला. डोळ्यांपेक्षा कानाने वाचावा असा तो ग्रंथ आहे. मोठ्याने म्हटल्याशिवाय त्याचे दार उघडत नाही. १३ जानेवारी १९४१ रोजी झुरिकलाच, आतड्याचा व्रण फुटून, त्याचा अंत झाला.

दाह हटवणारे कॉर्टिसोन डोळ्यांसाठी वापरात आले ते १९५० च्या सुमारास, म्हणजे त्याच्या पश्चात नऊ वर्षांनी. आज वैद्य आधी स्टेरॉइडच्या थेंबांनी दाह विझवतात, बाहुली मोठी ठेवतात आणि दाब उतरवणारे निराळे थेंब देतात. शस्त्रक्रिया होता होईतो डोळा शांत झाल्यावरच करतात. पण जुने कोडे पुरते सुटलेले नाही. हेच स्टेरॉइड काही जणांच्या डोळ्यातला दाब गुपचूप चढवते. डोळा पांढरा दिसतो, दुखत नाही, आणि आत नस मरत असते. म्हणून प्रत्येक भेटीत दाब मोजावा लागतो. निरोगी डोळ्यात तो साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो.

आपल्या घरोघरी डोळा लाल झाला की मागच्या खेपेची बाटली फडताळातून काढून दोन थेंब घालण्याची रीत आहे. तंबोऱ्याची एक तार चढवताना दुसरी उतरली नाही ना, हे गवई प्रत्येक वेळी कान लावून पाहतो. डोळ्याचीही अशीच दुहेरी जुळवणी असते, आणि ती फडताळातल्या बाटलीने होत नाही. जॉइसच्या नशिबी ती जुळवून देणारे औषध नव्हते. आपल्या नशिबी आहे. ते वैद्याच्या नजरेखाली घ्यावे, इतकेच.