लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ - २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि किर्लोस्करवाडी या औद्योगिक वसाहतीचे निर्माते होते. लोखंडी नांगराचे भारतातील आद्य कारखानदार म्हणून ते ओळखले जातात. कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून न थांबता, नांगराखेरीज दुसरे अवजार न हाताळलेल्या माणसांतून त्यांनी ओतारी, कातारी आणि फिटर तयार केले. त्यांचे हे काम नांगराइतकेच महत्त्वाचे असूनही त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे.

बालपण आणि शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. शालेय अभ्यासात लक्ष्मणरावांचे मन रमले नाही. ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. मात्र काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही, हे तेथे उघड झाले आणि चित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. मग त्यांनी यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे शिक्षक झाले. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रे आणि अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक मासिके यांतून त्यांनी हे ज्ञान मिळवले. पुढे कारखान्यात त्यांनी इतरांना ज्या रीतीने शिकवले, तिचे मूळ या काळात आहे.

बेळगाव

१८८८ मध्ये बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलींचे दुकान सुरू झाले. बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा दुकान पाहत आणि लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत. नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्यास देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ पासून लोखंडी नांगर तेथे तयार होऊ लागले. लोखंडाने जमिनीत विष उतरते, असा समज शेतकऱ्यांत असल्याने पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षे लागली.

किर्लोस्करवाडी

वस्तीच्या विस्तारासाठी बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या सुमारास औंध येथील देवीच्या मंदिरातील मंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात येण्यास सुचवले, कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. निवडुंगाने भरलेल्या, सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी वसाहतीची सुरुवात झाली. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

यंत्रावर काम केलेला कामगार तेव्हा मुंबईसारख्या शहरांत होता आणि तो या माळावर येण्याचा संभव नव्हता. आजूबाजूच्या गावांत माणसे पुष्कळ होती. पण पाऊस गेला की त्यांच्या हातांना काम नसे आणि कारखाना म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. साच्याची वाळू किती ओली असावी, बीड केव्हा ओतावे, लेथवर धार कशी लावावी, हे शिकवणारी शाळा त्या भागात नव्हती. कारखान्यालाच शाळा व्हावे लागले.

निवडीची लक्ष्मणरावांची कसोटी प्रमाणपत्राची नव्हती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक अभियंते झाले. परीक्षेत अपयशी ठरलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. शंभूराव जांभेकर यांनी यंत्रशाळा, मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि रामूअण्णांनी वसाहतीची उभारणी सांभाळली. दरोड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या दोघांवर तर रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपवले गेले आणि त्यांनी ते विश्वासाने केले. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जाऊ नये, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. त्या काळातील खेड्यांच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. नोकरी, घर आणि गावाचे नियम एकाच हातातून येत असल्याने कामगाराचे जीवन मालकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहत असे. लक्ष्मणरावांच्या हयातीत ही सद्भावना टिकली, हे खरे. तरीही तिला हक्काचे रूप होते असे म्हणता येत नाही.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक थांबली आणि मागणी वाढली. पण लोखंड आणि दगडी कोळसा मिळेना. भट्टीत लाकडी कोळसा वापरण्यात आला आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वितळवण्यासाठी जुन्या तोफा दिल्या. माळावर घडलेल्या ओताऱ्यांची ही खरी परीक्षा होती आणि तीत ते उतरले. पुढे ‘रयत शिक्षण संस्था’ स्थापन करणारे भाऊराव पाटील यांनी हे नांगर विकण्याचे काम काही काळ केले.

उत्तरायुष्य

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांच्या पिढीत हरिहर, पुणे आणि बंगळूर येथे नवे कारखाने उभे राहिले. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर हल्ला होऊन कारखाना जाळण्यात आला. आसपासच्या गावांना चार दशके रोजगार देणाऱ्या वसाहतीवर हा प्रसंग आला, तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा सुरू झालेला त्यांनी पाहिला.

१९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाचे नाव आता किर्लोस्करवाडी असे आहे.