सर जोसेफ व्हिटवर्थ : बोल्टला शिस्त लावणारा माणूस

आज गाडीचा एम-८ बोल्ट हरवला की दुकानात जायचं, दुसरा आणायचा, बसवायचा. इतकं सोपं! पण मित्रांनो, दोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेलच याची खात्री नसे. ही पंचाईत सोडवली जोसेफ व्हिटवर्थ यांनी.

त्यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. लहानपणीच ते नातेवाइकांच्या सूतगिरणीत कामाला लागले, पण त्यांचा जीव रमला तो मशीनमध्ये. १८२५ च्या सुमारास लंडनला हेन्री मॉडस्ले यांच्या नामांकित वर्कशॉपमध्ये ते काम शिकले आणि १८३३ मध्ये मँचेस्टरला स्वतःचा कारखाना काढला.

मग त्यांनी एक साधी पण जबरदस्त गोष्ट केली. देशभरातल्या वर्कशॉपमधून बोल्ट गोळा केले, ते मोजले आणि सरासरी काढली. आट्यांचा कोन ठरला ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला इंचात किती आटे तेही ठरलं. १८४१ साली त्यांनी ही पद्धत इंजिनिअर्सपुढे मांडली. आधी रेल्वेने ती उचलली, पुढे ती ब्रिटिश स्टँडर्ड झाली. अमेरिकेत मात्र १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन सुचवला. आपल्या मेट्रिक बोल्टचाही कोन ६० च आहे. म्हणून जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करताना सांभाळा : अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे, तर अमेरिकन यूएनसीला १३. जबरदस्तीने पिळला की आटे गेलेच!

आट्यांनंतर ते वळले धातूकडे. ओतलेल्या पोलादात हवेच्या पोकळ्या राहतात आणि त्यामुळे तोफा फुटतात, हे त्यांनी ओळखलं. वितळलेलं पोलाद हायड्रॉलिक प्रेसखाली दाबून घट्ट करायची पद्धत त्यांनी काढली. म्हणजे नुसतं माप बरोबर असून भागत नाही, माल पण बरोबर हवा.

हेच आपण रिपेअर करताना विसरतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि यील्ड तिच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. ४.६ चा बोल्ट त्याच भोकात मस्त बसतो, पण त्याचं यील्ड फक्त २४०! चकचकीत स्टेनलेस ए२-७० सुद्धा ७०० चाच, आणि त्याचं यील्ड ४५०. ब्रेक कॅलिपरला तो लावला तर दिसायला छान, पण भरवसा कमी. उलट सगळीकडे १२.९ ठोकणंही बरं नाही. कडक बोल्ट कमी ताणतो आणि चुकीचं प्लेटिंग केलं तर अचानक तुटू शकतो. कंपनीने जो ग्रेड दिलाय तोच घ्यावा.

२२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे व्हिटवर्थ वारले. तरुण कारागिरांसाठी त्यांनी १८६८ मध्ये सुरू केलेली स्कॉलरशिप ब्रिटनमध्ये आजही दिली जाते. पुतळे राजांचे असतात, पण व्हिटवर्थ यांचं काम प्रत्येक नट-बोल्टमध्ये आहे. पुढच्या वेळी बोल्ट घेताना व्यास बघाच, पण त्याच्या डोक्यावरचा आकडाही वाचा!