ध्यानचंदांचे माप
भारतीय संघातील एखाद्या तरुण आघाडीवीराने दोन गोल केले की, हॉकीशौकीन त्यास ध्यानचंदांच्या मापाने मोजू लागतात. १९०५ साली अलाहाबादेस जन्मलेले ध्यानचंद १९२२ मध्ये साधे शिपाई म्हणून लष्करात शिरले. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १४ गोल केले; १९३६ साली बर्लिनला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात जर्मनीस ८-१ असे नमविले. हा पराक्रम हिरवळीवरचा. १९७६ पासून ऑलिंपिक हॉकी कृत्रिम मैदानावर खेळली जाते. तेव्हा नुसत्या गोलांची तुलना फोल होय. पद्मभूषण लाभलेल्या या जादूगाराचा अंत १९७९ मध्ये दिल्लीतील रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात झाला. नवा ध्यानचंद मागणाऱ्यांनी जुन्याची आपण काय बूज राखली, याचा हिशेब आधी मांडावा.